ॲक्टिव्हाचा टॉप स्पीड वाढवायचाय: रोलर, बॉस, बेल्ट... नक्की कशाला हात लावू?

वाईकर_९७ (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. आधी कुणी काढला असेल तर तिकडं पाठवा, शिव्या नको.

गाडी ॲक्टिव्हा ५जी, २०१८ची, ४१ हजार पळालीय. रोज वाई ते शिरवळ एमआयडीसी, जाऊन-येऊन ७० किमीच्या आसपास, त्यातलं बरंचसं हायवेनं. नवी होती तेव्हा काटा ८८ ला टेकायचा, आता ७८ झाले की संपलं, पुढं मूठ कितीही पिळा, इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी आहे तिथंच. सोबतच्या पोराकडं एनटॉर्क आहे, तो मला खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडंच मागं टाकतो आणि मी कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत चहा पिऊन, कप फेकून, खिशात हात घालून उभा असतो. रोज.

तर व्हिडिओत बघितलं की बेल्टच्या बाजूला रोलर जड टाकायचे आणि तो मधला बॉस (पुलीतली नळी) लेथवर एक मिमी घासून घ्यायचा, इंजिन उघडायची गरज नाही, गाडी १०० जाते. इथला एक जण २५०० मध्ये करून देतो म्हणतोय, नव्या बेल्टसकट. कुणी केलंय का? बेल्ट टिकतो का? ॲव्हरेजची चिंता नाही (आहे, पण घरी सांगू नका).

खवचट_खंडू (सोमवार, रात्री १०:२०)

१०० नी कुठं जायचंय म्हणे? शिरवळलाच ना? दहा मिनिटं आधी निघायला पैसे पडत नाहीत.

सुसाट_सुमित (सोमवार, रात्री १०:३१)

भावा डोळे झाकून कर. माझ्या डिओला जड रोलर आहेत, क्लचच्या स्प्रिंगा पण कडक टाकल्यात, १०५ जाते. नाद खुळा.

प्राजक्ता_आर (सोमवार, रात्री १०:३८)

१०५ काट्यावर का जीपीएसवर?

सुसाट_सुमित (सोमवार, रात्री १०:४०)

काट्यावर. कात्रजच्या उतारावर.

खवचट_खंडू (सोमवार, रात्री १०:४१)

उतारावर माझी आजीपण जाते १०५.

प्राजक्ता_आर (सोमवार, रात्री ११:५५)

वाईकर, झोपायच्या आधी लिहून टाकते, जरा लांबेल. मी चाकणला गाड्यांच्याच कामात आहे, कुठली कंपनी ते विचारू नका.

पहिली गोष्ट, बेल्ट-पुली ताकद तयार करत नाही. इंजिनानं जेवढी दिली तेवढीच ती चाकाकडं नेते, वर थोडी स्वतः खाते. तुमच्या गाडीची ताकद ८ पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आसपास, तीही साधारण ७५०० आरपीएमला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे ८५ चे १०० करायचे असतील तर १०० भागिले ८५, त्याचा घन, १.६३. आठाचे तेरा पीएस पाहिजेत. टायरचा विरोध एवढा चढत नाही म्हणून सूट दिली तरी बाराच्या खाली येत नाही. आता हे जास्तीचे चार पीएस बॉस घासून कुठून येणार ते मला त्या व्हिडिओवाल्यानं सांगावं.

मग लोकांचा टॉप वाढतो तो कसा? तर इंजिन आणि पुलीचा मेळ बसत नसतो तो बसतो, एवढंच. पुढची पुली क्रँकवर असते, तिची एक बाजू पक्की, दुसरी सरकती, तोच व्हेरिएटर. त्याच्या पोटात सहा रोलर. आरपीएम वाढला की रोलर बाहेर फेकले जातात, रॅम्पवर चढतात आणि सरकत्या बाजूला पक्क्या बाजूकडं ढकलतात. मधली फट कमी झाली की बेल्टला जागा उरत नाही, तो वर चढतो. बेल्टची लांबी तर तेवढीच, म्हणून मागच्या पुलीत तो स्प्रिंगला दाबून आत बुडतो. पुढं मोठं वर्तुळ, मागं लहान, झाला टॉप गिअर. उलट धक्का देणारी ती मागची मोठी स्प्रिंग, काँट्रा स्प्रिंग.

रोलर जड टाकले की हे सगळं कमी आरपीएमला होतं. गाडी लवकर टॉपला जाते, आवाज कमी, सपाटीला निवांत. पण इंजिन ७५०० ऐवजी ६५०० वर बसलं तर तिथं त्याच्याकडं पूर्ण ताकद नाहीच, त्यामुळं जड रोलरनं टॉप बऱ्याचदा कमीच होतो आणि चढाला तर गाडी रडते. फार हलके टाकले तर दुसरं टोक, इंजिन ८५०० ला किंचाळतंय आणि बेल्ट अजून अर्ध्यातच. पूर्ण मूठ पिळलेली, सपाट रस्ता, आणि इंजिन बरोबर जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमला, ते वजन बरोबर. कंपनीनं साधारण तेच काढलेलं असतं.

अजून एक हिशोब. तुमचं मागचं टायर ९०/१००-१०, एक फेरा सुमारे १.३६ मीटर. ८५ ला चाक मिनिटाला १०४० वेळा फिरतं. इंजिन ७५०० धरलं तर क्रँक ते चाक गुणोत्तर ७.२. आता तुमचं इंजिन "बोंबलतंय" पण गाडी ७८ ला, याचा अर्थ बेल्ट पूर्ण वर जातच नाहीये किंवा घसरतोय. तुमची गाडी १०० जायला हवी हा प्रश्नच नाही, ती ८८ ची ७८ का झाली हा आहे. आणि काट्यावरचे आकडे सोडा, जीपीएस लावून बघा. काटे जास्तच दाखवतात.

वाईकर_९७ (मंगळवार, सकाळी ७:०५)

ताई एवढं कुणी कॉलेजात सांगितलं असतं तर केटी लागली नसती. जीपीएस लावून बघतो.

नाना_गॅरेजवाले (मंगळवार, दुपारी २:१८)

ताई बरोबर बोलल्यात. मी कराडला २२ वर्षं हेच करतोय, शिक्षण कमी पण हात काळे भरपूर.

वाईकर, लेका पैसे घालवायच्या आधी एवढं कर. गाडी मोठ्या स्टँडवर लाव, मागचं चाक हातानं फिरव. ब्रेक धरत असेल तर तिथंच तुझे पाच-सात गेले. हवा बघ. एअर फिल्टर बघ, हायवेच्या धुळीनं भरतोच. मग डावीकडचं किकचं कव्हर, ८ चा टी-पाना घे, बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्या भोकाचा बोल्ट त्याच जागी खुपस, सगळे एका लांबीचे नसतात. कव्हर काढल्यावर काळी भुकटी किती पडते बघ. बेल्ट झिजतो त्याचीच ती.

बेल्ट उलटा दुमडून खाचांच्या मुळाशी चिरा बघायच्या, आणि रुंदी व्हर्नियरनं मोजायची. डोळ्याला झीज दिसत नाही म्हणून लोक फसतात. ४१ हजारात एकदा तरी बदललाय का? २०-२५ हजारात बदलायचा असतो. रोलर काढून टेबलावर घरंगळव. चांगला असला तर गोल जातो, झिजलेला टक टक टक करत थांबतो, एका बाजूनं चपटा झालेला असतो. चपटा रोलर रॅम्पवर तिथंच अडकतो, पुढं चढत नाही. बदलायचे तर सहाच्या सहा. रोलरच्या खोलीत ग्रीस भरू नको, ह्याच्यात कोरडंच चालतं, ते ग्रीस उडून बेल्टवर आलं की झालं कल्याण.

आणि सुमित, क्लचच्या स्प्रिंगा कडक केल्या म्हणून टॉप वाढत नाही बाबा. क्लच किती आरपीएमला पकडणार तेवढंच त्यानं बदलतं. एकदा पकडला की टॉपला त्याचा काय संबंध? उलट सिग्नलवरनं उचलताना क्लच जास्त घासतो.

लेथवाले_काका (मंगळवार, दुपारी ४:४०)

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. आमच्याकडं पोरं बॉस घेऊन येत्यात, "काका एक मिमी काढा". काढायला मला काय, दोन मिनिटांचं काम. पण नीट समजून घ्या. बॉस म्हणजे व्हेरिएटर ज्याच्यावर सरकतो ती नळी. तिची लांबी कमी केली की पुढच्या पुलीच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या जास्त जवळ येणार, बेल्ट जास्त वर जाणार. पण वर किती जागा शिल्लक आहे ते बघितलंय कुणी?

त्याला सोपी परीक्षा आहे. पक्क्या पुलीच्या आतल्या तोंडावर मध्यापासून कडेपर्यंत परमनंट मार्करनं चार रेघा मारायच्या. बेल्ट बसवायचा, एक चक्कर पूर्ण मूठ पिळून मारायची, परत उघडायचं. बेल्ट जिथवर गेला तिथवरची शाई पुसलेली असते. कडेला पाच मिमी शाई शिल्लक असली तर बोला. कडेपर्यंत पुसली असंल तर घासून काय बेल्ट पुलीच्या बाहेर काढायचाय? आजवर ही परीक्षा करून आलेली दोनच पोरं बघितली. बाकी सगळे व्हिडिओ बघून.

बारामती_एक्स्प्रेस (मंगळवार, रात्री ८:०२)

माझा अनुभव. गाडी एप्रिलिया एसआर १५०, आमच्या बारामतीच्याच प्लांटमधली, १४ इंची चाकं. तिला तैवानचे डॉ. पुलीचे स्लायडर टाकलेत. हे रोलरसारखे गोल नसतात, एका बाजूला गोलाई, एका बाजूला सपाट, घरंगळण्याऐवजी सरकतात आणि शेवटी व्हेरिएटरला जरा जास्त ढकलतात असा दावा. जीपीएसवर मला २-३ किमीचा फरक पडला, त्यापेक्षा ८० ला इंजिन शांत झालं हे जास्त आवडलं. पण बसवायची दिशा असते! पहिल्यांदा मीच घरी उलटे बसवले आणि गाडी ६० च्या पुढं जाईना, दोन दिवस कार्ब्युरेटरला शिव्या घातल्या.

मुलुंडचे_आजोबा (मंगळवार, रात्री ९:१५)

वाचून गंमत वाटली. आमच्याकडे १९८९ साली किनेटिक होंडा आली, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, पीथमपूरला बनायची. बटण दाबून सुरू होणारी स्कूटर बघायला सोसायटीतली मंडळी खाली आली होती. गिअर नाही, मग चढ कसा चढणार, हा प्रश्न मला त्या काळी पन्नास जणांनी विचारला असेल. डिकीत मी कायम एक जादा बेल्ट आणि पाने ठेवत असे. ठाण्याच्या खाडी पुलावर भर पावसात बदललेला आहे, सौ. छत्री धरून उभ्या. टॉप स्पीड किती होता आठवत नाही, त्या रस्त्यांवर कधी कळायची वेळच आली नाही.

डच_देशपांडे (मंगळवार, रात्री ११:३०)

आजोबा, मी सध्या आयंडहोवनला आहे, ही व्हेरिएटरची भानगड गाड्यांमध्ये लोकप्रिय केली ती इथल्याच डाफ कंपनीनं. १९५८ ची डाफ ६००, व्हेरिओमॅटिक, रबरी पट्टे. त्या गाडीला रिव्हर्सचा वेगळा गिअर नव्हता, तीच पुली उलट्या दिशेनं, त्यामुळं ती मागंपण पुढच्याइतकीच जोरात पळायची. मग डच लोकांनी काय केलं, तर मागं पळवायच्या शर्यती भरवल्या. अवांतराबद्दल क्षमस्व.

खवचट_खंडू (बुधवार, सकाळी ९:१०)

वाईकर, एनटॉर्कवाल्याला उलटी शर्यत लावायला सांग. तुला तेवढाच चान्स आहे.

जकार्ताचा_जयू (बुधवार, सकाळी ११:२२)

नोकरीनिमित्त सहा वर्षं जकार्तात आहे. इथं स्कूटरला 'मॅटिक' म्हणतात आणि हा धंदा गल्लोगल्ली चालतो. लेथवर फिरवण्याला 'बुबुत'. बॉस तर घासतातच, पण पुलीच्या तोंडाचा कोनच बदलतात, १४ अंशाचा साडेतेरा. कोन कमी केला की तेवढ्याच सरकण्यात बेल्ट जास्त चढतो. मी हिशोब मांडून बघितला, जेमतेम ४ टक्के पडतात. पण बेल्टची बाजू जुन्या कोनाची, पुली नव्या कोनाची, सुरुवातीला बेल्ट फक्त एका कडेवर टेकतो, तापतो आणि ती कड खाल्ली जाते. इथले लोक बेल्ट चटणीसारखा बदलतात, त्यांना चालतं. शिवाय ते नुसतं पुलीवर थांबत नाहीत, सिलेंडर मोठा करतात, कॅम बदलतात, मग त्या वाढलेल्या ताकदीला पुली जुळवतात. व्हिडिओत पुली दिसते, सिलेंडर दिसत नाही.

कायद्याचं_बोला (बुधवार, दुपारी १:०५)

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) आलंय. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० दंड किंवा दोन्ही. स्टॉक, म्हणजे कंपनीच्याच मापाचा रोलर-बेल्ट ही दुरुस्ती झाली, त्याची भीती नाही. सिलेंडर-बिलेंडर केलं आणि उद्या अपघात झाला तर विमावाला आधी तेच बघणार. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादापण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत ८० च आहे. आणि त्या गाडीला पुढं-मागं १३० मिमीचे ड्रम, बोगद्यानंतरच्या एस वळणावर १०० नी ते काय उपयोगाचे?

इलेक्ट्रिक_भाऊ (बुधवार, दुपारी १:३०)

इलेक्ट्रिक घ्या. विषय संपला.

खवचट_खंडू (बुधवार, दुपारी १:३१)

आला हा.

वाईकर_९७ (शनिवार, रात्री ८:४५)

अपडेट. जीपीएसवर टॉप निघाला ७१. काट्यावर तेव्हा ७८. डोळ्यात पाणी आलं.

आणि एक सांगायचं होतं, रागावू नका... बुधवारी संध्याकाळी त्या २५०० वाल्याकडं गाडी टाकली होती. तुमचं सगळं वाचायच्या आधी ॲडव्हान्स दिला होता, परत मागायला जीवावर आलं. बॉस एक मिमी घासला, जड रोलर, नवा बेल्ट. पण मंडळी, काटा ९२!! जीपीएस ८४! पोरगं आज पहिल्यांदा वळून बघत होतं. ताई तुमचं गणित बरोबर असेल पण गाडी पळतेय.

सुसाट_सुमित (शनिवार, रात्री ८:५०)

बोललो होतो ना!! नाद खुळा!!

प्राजक्ता_आर (शनिवार, रात्री ९:३०)

अभिनंदन. पण तीन गोष्टी एकदम बदलल्यात, त्यातली कुठली कामाला आली कसं कळणार? माझा अंदाज, हे सगळे तेरा किमी नव्या बेल्टचे आहेत. जुना बेल्ट सापडला तर रुंदी मोजा.

लेथवाले_काका (शनिवार, रात्री ९:४४)

मार्कर. मार्कर मारा आणि बघा. लवकर.

वाईकर_९७ (दहा दिवसांनी, मंगळवार, रात्री ११:२०)

आज संध्याकाळी खंबाटकी घाटात बेल्ट तुटला.

सकाळी जाताना बोगदा, तिकडं काही नाही. येताना घाटातनं वर चढायचं, तिथं हे जड रोलर टाकल्यापासनं गाडी पस्तीस-चाळीसलाच यायची, पुढं जायची नाही, बाजूनं ऊस भरलेला ट्रॅक्टरपण मला ओव्हरटेक करायला बघत होता. गेले चार दिवस रबर जळल्यासारखा वास यायचा, मला वाटलं ट्रकांचे ब्रेक. दत्त मंदिर गेलं आणि फाट्टकन आवाज, इंजिन एकदम मोकळं सुटलं आणि गाडी मागं यायला लागली. मागनं येणारा कंटेनर कसा थांबला त्यालाच माहिती. ढकलत कडेला घेतली, पाय अजून थरथरताहेत. शेवटी एनटॉर्कवाल्यालाच फोन केला, त्यानं पाय लावून लावून सुरूरपर्यंत ढकलत आणली. एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

आज शिव्या दिल्या तरी चालतील.

मुलुंडचे_आजोबा (मंगळवार, रात्री ११:३१)

शिव्या कसल्या, तुम्ही धड आहात हे महत्त्वाचे. आधी जेवा.

नाना_गॅरेजवाले (बुधवार, सकाळी ८:००)

त्या माणसाकडं परत नेऊ नको. स्वतः उघड आणि फोटो टाक, मी सांगतो तसं. बेल्टचे तुकडे सगळे काढ, धागे मागच्या पुलीच्या मागं जाऊन गुंडाळतात आणि ऑइल सीलला कापतात.

वाईकर_९७ (रविवार, दुपारी ३:१०)

उघडली. फोटो चढत नाहीयेत म्हणून लिहितो. बेल्टच्या दोन्ही वरच्या कडांना तुसं आलीत, सुतळीसारखी. पुढच्या पुलीच्या अगदी कडेला चकाकी आलीय, वरची एक मिमीची धार तर नुसती पॉलिश केल्यासारखी. मागच्या पुलीत पार तळाला, जिथं पुलीच्या दोन बाजू मिळतात तिथं काळा पट्टा. आणि बाहेरचा नट, नाना, तो मी हातानं फिरवला आणि फिरला.

जुना बेल्ट त्याच्या दुकानामागं पडलेला मिळाला. नव्यापेक्षा १.४ मिमी बारीक. जुने रोलर पण आणले, सहापैकी तीन चपटे.

प्राजक्ता_आर (रविवार, दुपारी ४:०२)

बघा. पुलीच्या एका बाजूचा कोन १४ अंश धरा. बेल्ट एक मिमी बारीक झाला की तो पुलीत दोन मिमी खाली बसतो. १.४ म्हणजे जवळजवळ तीन मिमी, आणि मागच्या पुलीत तेवढ्यासाठी तो वरच राहतो, म्हणजे दोन्हीकडनं मार. तुमचा टॉप तिथं गेला होता. नवा पूर्ण रुंदीचा बेल्ट टाकला तेव्हाच तो परत आला. वर बॉस एक मिमी कमी, म्हणजे बेल्ट अजून दोन मिमी वर. तिथं पुली संपते! बेल्ट कडेच्या बाहेर डोकावत होता आणि मागं तळाला टेकून ताणला जात होता. हायवेला रोज तासभर हेच. मग घाटात जड रोलरमुळं गिअर उतरेना, बेल्ट घसरून तापला. हायवेनं चिरला, घाटानं तोडला.

नाना_गॅरेजवाले (रविवार, सायंकाळी ५:२६)

नट हातानं फिरला म्हणजे देवानं वाचवलं तुला. हे हवेच्या गननं नट आवळणारे काय करतात, बेल्ट मागच्या पुलीत दाबून आत बसवतच नाहीत. मग पुढं बेल्ट पुलीच्या दोन बाजूंच्या मधे चिमटतो, नट बॉसवर टेकायच्या ऐवजी बेल्टवर घट्ट होतो. गन टर्रर्र करते, वाटतं झालं. दोन चकरा मारल्या की बेल्ट जागेवर बसतो आणि नट ढिला. पुढं क्रँकच्या चाव्या, त्या बारीक खोबण्या, गोल होतात आणि मग क्रँकच बदलायची वेळ. तुझ्या खोबण्या बघ, नखानं धार लागते का.

बसवताना, मागची पुली दोन्ही हातांनी फाकव, बेल्ट तळाला दाब, दाबलेलाच ठेव. पुढं बेल्ट ढिला लोंबला पाहिजे. बॉस बसव, पक्की पुली बसव, ती खोबण्यांवर पूर्ण आत गेली आणि बाहेर दोन-तीन आटे दिसले की मगच नट. टॉर्क पान्यानं आवळ, गनचा नाद नको. मग चाक हातानं फिरवून बेल्ट वर आण.

वाईकर_९७ (रविवार, सायंकाळी ५:४०)

नखाला धार लागतेय. वाचलो.

लेथवाले_काका (रविवार, सायंकाळी ६:१५)

आता बॉस नवा घ्यायचा, कंपनीचा. घासलेल्याला वॉशर लावून भरपाई करतो म्हणणारा भेटंल कुणी, ऐकू नका. काढलेलं लोखंड परत चिकटत नाही.

वाईकर_९७ (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:५०)

शेवटचा अपडेट. कंपनीचा बेल्ट, कंपनीचा बॉस, स्टॉक वजनाचे नवे रोलर, सगळं मिळून त्या २५०० पेक्षा कमीच लागले. तेही घरी बसून, आईच्या किचनमधला वजनकाटा घेऊन रोलर एकेक मोजला (तो काटा आता माझा, तिनं नवा मागितलाय). रेघा मारून चक्कर मारली, कडेला दीड मिमी शाई शिल्लक. काकांनी सांगितलेले पाच मिमी नाहीत, म्हणजे विषयच मिटला. जीपीएस ८२. बॉस घासून जे ८४ आलं होतं त्याच्यापेक्षा दोनच कमी.

मग गेल्या रविवारी एक खाज राहिली होती म्हणून स्टॉकपेक्षा एक ग्रॅमनं हलके रोलर टाकून बघितले, तेवढा एकच बदल, ताई! टॉप ८२ चा ८२ च. पण घाटात जिथं मी पस्तीसला रडत होतो तिथं आता पन्नास धरून चढतेय. ॲव्हरेज दोनेक किमीनं पडलं. ते रोलर ठेवलेत. रोज घाट चढायचाय, रोज टॉप मारायचा नाही.

बारामती_एक्स्प्रेस (शुक्रवार, रात्री १०:०५)

भारी. रोलरचं माप काय?

नाना_गॅरेजवाले (शुक्रवार, रात्री १०:२२)

मापं विचारत बसू नका, प्रत्येक गाडीचं वेगळं. आपला जुना काढायचा, व्यास आणि रुंदी व्हर्नियरनं मोजायची, वजन काट्यावर, आणि तो घेऊन दुकानात जायचं. झिजलेल्याचं वजन कमी भरतं, तेवढं लक्षात ठेवा.

प्राजक्ता_आर (शुक्रवार, रात्री १०:४०)

आणि तो एनटॉर्कवाला? ती १२५ आहे, ९ च्या वर पीएस, ९५ कंपनीच सांगते. त्याला काही तुम्ही गाठत नाही.

वाईकर_९७ (शुक्रवार, रात्री १०:५२)

नाहीच गाठत. पण आता मी पोचतो तेव्हा त्याचा कप हातात असतो. अर्धा.

खवचट_खंडू (शुक्रवार, रात्री १०:५३)

चहावाल्याला सांग जरा जास्त गरम देत जा.